फवारणी पंपाची एलएफपी बॅटरी हॉबी चार्जरवर: बॅलन्स कधी, किती आणि कसं

प्रश्न थोडक्यात असा आहे. ३२७०० मापाचे आठ लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी, सेल (प्रत्येकी ३.२ व्होल्ट, ६ एएच) घेऊन पाठीवरच्या फवारणी पंपासाठी १२.८ व्होल्ट १२ एएचचा पॅक बांधला आहे. म्हणजे दोन-दोन सेलच्या चार जोड्या एकापुढे एक, ४एस२पी. सोबत साधा बीएमएस आहे (सेल जादा भरले किंवा जादा उतरले तर सर्किट तोडणारी पट्टी). चार्जर आयमॅक्स बी६ पद्धतीचा. पहिल्यांदा लावला तर ५००० एमएएच (म्हणजे ५ एएच) दाखवून थांबला. पुन्हा लावला तर तिसरी जोडी ३.६० व्होल्टवर, बाकीच्या ३.३७ च्या आसपास, आणि तिथून रात्रभर चार्जर चालूच. चार्जर बिघडलाय का, सेल खराब निघाला का, की काही चुकतंय?

चार्जर बहुधा ठीक आहे. सेलबद्दल आत्ताच काही बोलता येणार नाही, ते कसं तपासायचं ते पुढे येईल. आधी पहिली तक्रार मिटवू, कारण ती अगदी सोपी आहे.

बी६ आणि त्याच्यासारख्या चार्जरांत दोन सुरक्षा मर्यादा आधीपासून घातलेल्या असतात: वेळ १२० मिनिटं आणि क्षमता ५००० एमएएच. हे चार्जर खेळण्यातल्या विमानांच्या छोट्या बॅटऱ्यांसाठी बनलेले आहेत, त्यांना एवढं पुरतं. तुमचा पॅक १२,००० एमएएचचा. ३ अँपिअरने चार्ज केला तर १०० मिनिटांत ५००० चा आकडा येतो आणि चार्जर काम झालं समजून थांबतो. पॅकमध्ये तेव्हा जेमतेम ४० टक्के भर पडलेली असते. सेटिंगमध्ये जाऊन वेळ ३६० मिनिटं आणि क्षमता १४,००० करा. या मर्यादा बंद करून टाकू नका. एखादा सेल आतून गळत असेल आणि चार्जर भरतच राहिला, तर थांबवणारं तेवढंच एक कुलूप असतं.

करंट किती ठेवायचा तेही इथेच सांगतो. बी६ ची ताकद ५० वॅट. १४.४ व्होल्टला भागलं की साडेतीन अँपिअरच्या आतच हिशेब संपतो, मग सेटिंगमध्ये ५ अँपिअर लिहिलेत तरी ते मिळत नाहीत. ३ अँपिअर ठेवा. या सेलना तो सहज सोसतो, हाताला जेमतेम कोमट लागतात. चार्जरला वीज देणारा अडॅप्टर किमान १२ व्होल्ट ५ अँपिअरचा हवा. राउटरचा २ अँपिअरवाला लावलात तर भार येताच त्याचं व्होल्टेज बसतं आणि चार्जर इनपुटची चूक दाखवून बंद पडतो.

मोड 'लाय-फे' (चार्जरवर या रसायनाचं नाव), ४एस. यात प्रत्येक सेल ३.६० व्होल्टपर्यंत जातो, पूर्ण पॅक १४.४. काही नव्या चार्जरांत ३.६५ असतं, तेही चालतं. 'लायपो' (लिथियम पॉलिमर) ४एस चुकूनही निवडू नका. तो प्रत्येक सेलला ४.२ व्होल्टपर्यंत नेतो, आतलं द्रावण फुटायला लागतं, सेल फुगतो आणि झडप उघडते. उलटी चूकही बरेच जण करतात: १२.६ व्होल्ट 'बारा व्होल्टसारखे' वाटतात म्हणून लायपो ३एस लावतात. त्याने अपाय काही होत नाही, पण सेलला ३.१५ व्होल्टच मिळतात आणि पॅक जवळपास रिकामाच राहतो. पंपासोबत आलेला जुना चार्जर शिसे-आम्ल बॅटरीचा असतो. तो वापरायचाच असेल तर बॅटरी भरत आल्यावर त्याचं व्होल्टेज मल्टिमीटरने मोजा. १४.६ च्या वर जात असेल तर बाजूला ठेवा.

आता मुख्य गोष्ट. या रसायनात बॅलन्स, म्हणजे सगळ्या जोड्या सारख्या भरलेल्या करणं, फक्त वरच्या टोकाला, पॅक पूर्ण भरत आल्यावर, करता येतं. बाकी सगळीकडे सेलचं व्होल्टेज फसवं असतं.

कारण असं. चार्ज होताना सेलच्या धन पट्टीत लिथियम असलेलं फॉस्फेट आणि लिथियम निघून गेलेलं फॉस्फेट अशी दोन रूपं शेजारी-शेजारी नांदतात. एकाचं प्रमाण घटतं, दुसऱ्याचं वाढतं, पण रूपं तीच दोन राहतात, म्हणून व्होल्टेजही जवळपास तेच राहतं. विश्रांतीत सेल ३.२६ दाखवतो की ३.३०, या ४० मिलिव्होल्टच्या फरकात सुमारे एक तृतीयांश क्षमता दडलेली असू शकते. स्वस्त चार्जरच्या एका चॅनलचं वाचन दुसऱ्यापेक्षा १०-२० मिलिव्होल्टने चुकतं. म्हणजे सपाट पट्ट्यात 'चारही सेल सारखे' असं पडद्यावर दिसलं तरी त्याला अर्थ नाही, आणि 'एक सेल २० मिलिव्होल्ट वर' याला तर त्याहून नाही. त्या सेलचा अंतर्गत रोध थोडा जास्त असेल तरी चार्जिंग चालू असताना तो वरच दिसणार.

सुमारे ३.४० च्या पुढे मात्र रेषा उभी चढते. तिथे थोड्याशा एमएएचला शंभर-दोनशे मिलिव्होल्ट हलतात, मग चार्जरच्या दहा-वीस मिलिव्होल्ट चुकीने काही बिघडत नाही. तुमची तिसरी जोडी ३.६० वर आणि बाकीच्या ३.३७ वर, याचा अर्थ एवढाच की तिसरी भरली आणि बाकीच्या अजून सपाट पट्ट्याच्या शेवटी आहेत. त्या किती मागे आहेत, शंभर एमएएच की हजार, हे ३.३७ या आकड्यावरून कळत नाही.

यातून एक गोष्ट निघते जी सहसा कोणी सांगत नाही. बॅलन्स मोडमध्ये असे बरेच चार्जर सुरुवातीपासूनच वर दिसणाऱ्या सेलमधून थोडा करंट रेझिस्टरमध्ये जाळत राहतात. सपाट पट्ट्यात वर दिसणारा सेल खरंच जास्त भरलेला असेल असं नाही. चार्जिंग टोकापर्यंत गेलं तर ही चूक शेवटच्या तासात दुरुस्त होते. पण रोज बॅलन्स मोडमध्ये लावायचं, दोन तासांनी घाई म्हणून काढायचं, फवारणीला जायचं, असं चालू राहिलं तर चांगला पॅकही हळूहळू विस्कटू शकतो. म्हणून नियम असा ठेवा: शेवटपर्यंत थांबायला वेळ असेल तरच बॅलन्स मोड. अर्धवट चार्जिंग करायचं असेल तर साधा चार्ज मोड.

रात्रभर का चालतं तेही बघा. बी६ प्रत्येक सेलमधून २०० ते ३०० मिलिअँपिअर एवढंच जाळू शकतो. एक जोडी बाकीच्यांपेक्षा ९०० एमएएच पुढे असेल तर नुसत्या भागाकाराने तीन-चार तास होतात. प्रत्यक्षात चार्जर मधेमधे थांबून व्होल्टेज मोजतो, म्हणून त्याहून जास्त. वेळेची मर्यादा चालू असेल तर तेवढ्यात ती येते, काम अर्धवट राहतं आणि दुसऱ्या दिवशी चित्र तेच. मोठ्या पॅकला तर हे झेपणारच नाही. १०० एएचच्या सेलमध्ये ५ टक्के फरक म्हणजे ५ एएच, पाव अँपिअरने सलग २० तास.

म्हणून वरच्या जोडीतली वीज जाळत बसू नका. मागच्या जोड्या एकेक करून भरा. हे त्याच चार्जरवर होतं आणि फरक नेमका किती आहे तेही कळतं.

आधी पाच पिनांचा पांढरा जेएसटी-एक्सएच कनेक्टर हातात घ्या. चार्जरमध्ये घालण्याआधी मल्टिमीटरने तपासा. मीटरची काळी टोकणी काळ्या वायरच्या पिनवर ठेवायची आणि लाल टोकणी पुढच्या चार पिनांवर क्रमाने. पॅक अर्धा भरलेला असेल तर साधारण ३.३, ६.६, ९.९, १३.२ असे आकडे चढत्या क्रमाने यायला हवेत. ३.३ नंतर एकदम ९.९ आणि मग ६.६ आलं तर दोन वायरींची अदलाबदल झाली आहे. तसाच कनेक्टर घातला तर एका चॅनलवर साडेसहा व्होल्ट येतात, शेजारच्यावर उलटं व्होल्टेज येतं आणि बॅलन्सचा भाग जळतो. पुष्कळ बी६ 'अचानक' मेले ते असेच. या टोकण्या लावताना दोन पिनांना एकदम टेकू देऊ नका, शॉर्ट झाली तर वायर हातातच तापते.

आकडे बरोबर आले की पूर्ण पॅक लाय-फे बॅलन्स मोडमध्ये ३ अँपिअरने लावा आणि तिसरी जोडी ३.५५ ते ३.६० ला आली की थांबवा. मुख्य वायर आणि बॅलन्स कनेक्टर दोन्ही चार्जरवरून काढा, पंपही काढा. मग मोड लाय-फे, १एस (म्हणजे एकच सेल), साधा चार्ज, करंट १ अँपिअर. चार्जरच्या लाल-काळ्या वायर फक्त पहिल्या जोडीच्या दोन टोकांना लावायच्या. सेलपर्यंत हात पोचत नसेल तर बॅलन्स कनेक्टरला जुळणारं एक तुकडा-वायरवालं जोड-कनेक्टर घ्या आणि पहिली-दुसरी पिन वापरा. १ अँपिअरच्या वर जाऊ नका, या वायरी बारीक असतात. करंट ०.१ अँपिअरवर उतरला की चार्जर 'फुल' म्हणतो. पडद्यावरचा एमएएच आकडा कागदावर लिहा. मग दुसरी जोडी, मग चौथी, आणि शेवटी तिसरीसुद्धा. समजा पहिलीने ६४०, दुसरीने ७१०, चौथीने ५९० घेतले आणि तिसरीने ३०, तर फरक साधारण ६०० ते ७०० चा होता हे आता पक्कं कळलं. नव्या, न जुळवलेल्या सेलमध्ये एवढा फरक अगदी नेहमीचा आहे.

यानंतर पूर्ण पॅक पुन्हा ४एस बॅलन्सवर १ अँपिअरने लावा. आता उरलेला फरक थोडा असतो आणि तो सफाईने मिटवणं हे चार्जरचं खरं काम आहे. अर्ध्या-एक तासात चारही जोड्या १० मिलिव्होल्टच्या आत येतात. रात्रभर विश्रांतीनंतर सगळ्या ३.३३ ते ३.४० च्या दरम्यान स्थिरावतील. ३.६० वरून खाली उतरलं म्हणून घाबरू नका. वरचं ते व्होल्टेज चार्जिंगच्या रेट्याचं असतं.

हे करताना एक धोका आहे. वेळ वाचवायला दोन चार्जर एकाच १२ व्होल्ट अडॅप्टरवर चालवून एकाच पॅकच्या दोन जोड्यांना लावू नका. या चार्जरांत इनपुटचा आणि बॅटरीचा मायनस एकमेकांपासून पूर्ण वेगळा नसतो. दोन वेगळ्या जोड्यांचे मायनस अडॅप्टरमधून एकत्र येतात आणि मधली जोडी शॉर्ट होते. एका वेळी एकच चार्जर.

बीएमएस असलेल्या पॅकला चार्जर नेमका कुठे जोडायचा, याकडेही बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. बॅलन्स कनेक्टरची काळी वायर सेलच्या थेट मायनसला असते, बीएमएसच्या 'बी-' बाजूला. मुख्य काळी वायर तुम्ही 'पी-' ला, म्हणजे बीएमएसच्या पलीकडे लावलीत आणि मधेच बीएमएसने सर्किट तोडलं, तर बऱ्याच चार्जरांत सगळा करंट बॅलन्सच्या त्या बारीक काळ्या वायरीतून परततो. वायर वितळते आणि बीएमएसचं संरक्षणही वाया जातं. म्हणून दोनच पद्धती ठेवा. रोजचं चार्जिंग 'पी-' मधून, साध्या मोडमध्ये, बॅलन्स कनेक्टर न लावता, इथे राखण बीएमएस करतो. दहा-पंधरा चार्जिंगमधून एकदा बॅलन्स, तेव्हा मुख्य वायर थेट 'बी-' ला आणि कनेक्टर लावलेला. इथे राखण चार्जर करतो, म्हणून समोर माणूस हवा. रोजच्या पद्धतीत चार्जर 'कनेक्शन ब्रेक' म्हणून थांबू लागला, तर एखादी जोडी वर पळाली आणि बीएमएसने तोडलं असं समजा. बॅलन्सची पाळी आली.

पडद्यावरचे आकडे वाचायची दोन कौशल्यं सांगतो, पुढचा बराच त्रास वाचेल. एक जोडी ३.९० आणि तिच्या शेजारची २.८० दिसते आहे का? दोन्हींची बेरीज करा. ६.७० येते, म्हणजे दोन निरोगी जोड्यांएवढीच. सेलला काहीही झालेलं नाही. दोघींच्या मधली बॅलन्स वायर किंवा तिची पिन सैल आहे. पिन बाहेर ओढून पुन्हा दाबून बसवा. दुसरं: चार्ज होताना एक जोडी सतत ५०-६० मिलिव्होल्ट वर असेल तर चार्जिंग थांबवून दहा सेकंद बघा. लगेच बाकीच्यांच्या रांगेत आली तर तो जोडणीतला रोध आहे: सैल स्क्रू, अर्धवट वेल्ड झालेली निकेलची पट्टी, गंजलेलं टोक. ३ अँपिअरला २० मिलिओहमचा रोध म्हणजे बरोबर ६० मिलिव्होल्ट. हळूहळू, काही मिनिटं घेत खाली आली तर ती खरंच जास्त भरलेली आहे.

मुख्य वायरी जाड आणि आखूड ठेवा, अडीच स्क्वेअर एमएमच्या, अर्ध्या मीटरच्या आत. लांब वायरीत व्होल्टेज पडतं, ते भरून काढायला काही जण चार्जरचं अंतिम व्होल्टेज वाढवतात. असं करू नका. शेवटी करंट उतरतो तसा वायरीतला पडावही नाहीसा होतो आणि वाढवलेलं सगळं व्होल्टेज सेलवर येतं. वायर लावताना आधी चार्जरच्या बाजूचे केळी-प्लग, मग बॅटरी. काढताना उलट. बॅटरीला जोडलेले उघडे प्लग एकमेकांना टेकले तर ठिणगीवर भागत नाही. पॅकच्या प्लसवर, सेलपासून चार बोटांच्या आत, १० अँपिअरचा ब्लेड फ्यूज घाला.

आता सेल खराब आहे का, हा प्रश्न. वर सांगितल्याप्रमाणे सगळं सारखं करून घ्या, पॅक दोन-तीन आठवडे न वापरता ठेवा, बीएमएसच्या वायरीही शक्य असेल तर काढून. मग पुन्हा एकेक जोडी १एस वर भरा आणि एमएएच लिहा. तीन जोड्यांनी ४०-५० घेतले आणि एकीने ३०० घेतले तर तिच्यातला एखादा सेल आतून गळतो आहे. त्याला कितीही बॅलन्स केलंत तरी तो पुन्हा मागे पडणार, तो सेल बदला. कमी क्षमतेचा सेल वेगळा ओळखायचा. तो वरच्या टोकाला सगळ्यांबरोबर पोचतो, पण रिकामं होताना आधी कोसळतो. हे बघायला बी६ चा डिस्चार्ज मोड उपयोगाचा नाही. त्याची ताकद ५ वॅट, १५० वॅट-तासांचा पॅक रिकामा करायला त्याला ३० तास लागतील. गाडीच्या ब्रेक लाइटचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब लावा, बॅलन्स कनेक्टरवर सेल-अलार्मची शिट्टी २.८ व्होल्टवर लावून ठेवा. साधारण सात तासांत काम होतं. शिट्टी वाजली की बल्ब काढा आणि कोणती जोडी खाली आहे ते लिहून ठेवा.

सेल चांगले असूनही एकच जोडी वारंवार मागे पडत असेल तर तिच्यावरून कोणी काही चालवतंय का बघा. पहिल्या एक-दोन जोड्यांवरून वोल्टमीटरचा डबा किंवा मोबाइल चार्ज करायची पट्टी काढलेली असते, ती तेवढ्याच जोड्या उपसते. भार नेहमी पूर्ण पॅकवरून घ्या. बंद चार्जरला बॅलन्स कनेक्टर तसाच लावून ठेवला तरी हेच होतं.

२ व्होल्टच्या खाली बरेच दिवस पडून राहिलेला सेल पुन्हा उठवू नका. चार्जर त्याला 'लो व्होल्टेज' म्हणून नाकारतो ते योग्यच आहे. इतक्या खाली ऋण पट्टीतलं तांबं विरघळतं, नंतर चार्ज करताना ते आत कुठेतरी जमतं आणि सेल आतून शॉर्ट होऊ शकतो. दुसऱ्या मोडने ढकलून त्याचं व्होल्टेज वर आणता येतं, पण तो भरवशाचा राहत नाही. २.० ते २.५ च्या मधला, नुकताच उतरलेला सेल असेल तर ०.३ अँपिअरने २.९ पर्यंत आणा, मग नेहमीसारखं.

नवे सेल घेऊन पुढचा पॅक बांधाल तेव्हा ही सगळी कसरत आधीच उरकता येते. आठही सेलचं व्होल्टेज मोजा, ५० मिलिव्होल्टच्या आत असतील तर सगळे एकत्र समांतर जोडा, प्लसला प्लस, मायनसला मायनस. आता हा ४८ एएचचा एकच सेल झाला. लाय-फे १एस, ५ अँपिअर. नवे सेल अर्धेमुर्धे भरलेले येतात, त्यामुळे सहा ते आठ तास धरा. क्षमतेची मर्यादा ४०,००० वर आणि वेळेची आठ तासांच्या वर न्यायला विसरू नका. चार्जर थांबल्यावर रात्रभर तसेच जोडलेले राहू द्या, मग सोडवून ४एस२पी बांधा. असा पॅक पहिल्या चार्जिंगपासूनच नीट रांगेत चालतो.

हे रसायन लायपोसारखं भडकत नाही, पण झडप उघडली तर निघणारा वायू पेट घेतो. चार्जिंग फरशीवर करा, खतांच्या गोण्या आणि औषधांच्या डब्यांपासून लांब. बहुतेक सेलची चार्जिंगची मर्यादा ४५ अंश सेल्सिअसपर्यंत असते. मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी तापमान त्याच्या वर जातं, तिथे रात्री किंवा पहाटे चार्ज करा. उन्हातून आणलेला पंप आधी तासभर सावलीत ठेवा.

हंगाम संपल्यावर पॅक भरून ठेवू नका. पूर्ण भरल्यावर बल्ब तीन-चार तास चालवून निम्म्यावर आणा, पंपातून बाहेर काढा, फ्यूज काढून कोरड्या जागी ठेवा. दर तीन महिन्यांनी मल्टिमीटरने प्रत्येक जोडी बघा. एखादी ३.२० च्या खाली गेली असेल तर तीच आधी १एस वर भरा आणि किती घेतलं ते जुन्या आकड्यांच्या शेजारी लिहा.